वाचक विचारतात: सुवार्तेचा रेडिओ खरंच बंद पडला का?

मागच्या अंकात जुन्या रेडिओंबद्दल एक टिपण छापलं होतं आणि त्यात जाता जाता एक वाक्य होतं की शॉर्टवेव्हवरची, म्हणजे दूर देशांपर्यंत पोचणाऱ्या रेडिओलहरींवरची, ख्रिस्ती प्रसारणं आता जवळपास इतिहासजमा झाली. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आणि मेल आले की या महिन्याचं पूर्ण सदर त्यालाच दिलंय. बरेच प्रश्न एकसारखे होते, ते एकत्र केलेत, आणि नावं कुणाचीच छापलेली नाहीत.

आमच्याकडे पहाटे रेडिओ सिलोन लागायचा. गाण्यांच्या मागेपुढे कधीकधी बायबलवरचं प्रवचन यायचं. फिल्मी गाण्यांच्या स्टेशनवर हे कसं काय? (वाचक, जालना)

सरळ सांगायचं तर सिलोन वेळ विकायचं आणि आकाशवाणी विकत नव्हती, म्हणून. सिलोनकडे जो तगडा ट्रान्समीटर होता तो मुळात दुसऱ्या महायुद्धात माउंटबॅटनच्या सैन्यासाठी एकला या गावी उभा केलेला, युद्ध संपल्यावर तो सिलोन सरकारच्या हाती आला, आणि १९५० मध्ये त्यांनी कमर्शियल सर्व्हिस सुरू केली. टूथपेस्टवाले वेळ विकत घ्यायचे तसे धर्मप्रसारकही घ्यायचे, दर ठरलेला, पैसे भरा आणि पंधरा मिनिटं किंवा अर्धा तास बोला. त्यातच १९५२ ला बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री झाले, आपल्या पुण्याचेच, शास्त्रीय संगीताचे मोठे कैवारी, त्यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ गायब झाली आणि अख्खा भारत सिलोनकडे वळला. बिनाका गीतमाला त्याच वर्षीची. म्हणजे श्रोते गाण्यांमुळे आयतेच जमलेले आणि त्याच फ्रिक्वेन्सीवर थिओडोर एप यांनी १९३९ मध्ये अमेरिकेत नेब्रास्का राज्यातल्या लिंकन गावात सुरू केलेला 'बॅक टू द बायबल' हा कार्यक्रमही वाजायचा.

आणखी एक गोष्ट तुम्हाला नक्की आठवत असेल, कार्यक्रम संपताना पत्ता सांगायचे. 'व्हॉइस ऑफ प्रॉफसी' या अ‍ॅडव्हेंटिस्ट नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या कार्यक्रमाचा पत्ता पुण्याचा होता, आवाज कोलंबोहून आणि उत्तर पुण्याहून! पोस्टकार्ड टाकलं की पोस्टानं बायबलचा अभ्यासक्रम घरी यायचा, धडे सोडवून परत पाठवायचे, तपासून पुन्हा यायचे. माझ्या मते या सगळ्या इतिहासाची खरी किल्ली त्या पत्त्यातच आहे, पुढच्या उत्तरांमध्ये ते वारंवार येईल.

पहिल्यांदा हे कुणी केलं? अमेरिकेत म्हणतात, पण नेमकं कुठे? (वाचक, पुणे)

पिट्सबर्ग. केडीकेए हे स्टेशन २ नोव्हेंबर १९२० ला अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल सांगत सुरू झालं आणि दोनच महिन्यांनी, २ जानेवारी १९२१ च्या रविवारी संध्याकाळी, त्यांनी कॅल्व्हरी एपिस्कोपल चर्चची उपासना थेट प्रसारित केली. जुळून कसं आलं तर स्टेशन वेस्टिंगहाऊस कंपनीचं आणि कंपनीचा एक इंजिनियर त्याच चर्चच्या कॉयरमध्ये गायचा. मुख्य पाळकसाहेबांना या नव्या यंत्राचा भरवसा वाटेना, म्हणून उपदेश त्यांच्या हाताखालच्या तरुण पाळकांनी केला. मायक्रोफोन सांभाळायला दोन तंत्रज्ञ होते, एक ज्यू आणि एक कॅथलिक, आणि भाविकांचं लक्ष विचलित होऊ नये म्हणून त्या दोघांना कॉयरचे झगे घालून बसवलं होतं. मला हा प्रसंग फार आवडतो, एका प्रोटेस्टंट उपासनेचा आवाज पहिल्यांदा हवेत सोडणारे हात एका ज्यू आणि एका कॅथलिक माणसाचे होते.

त्यानंतर मग झुंबड. लॉस एंजेलिसमध्ये एमी सेंपल मॅकफर्सन या बाईंनी १९२४ मध्ये स्वतःच्या चर्चचं स्टेशन काढलं, १९२६ ला शिकागोच्या मूडी बायबल इन्स्टिट्यूटचं आलं, १९३० मध्ये 'लुथरन अवर' सुरू झाला. चार्ल्स फुलर यांचा 'ओल्ड फॅशन्ड रिव्हायव्हल अवर' तर १९३७ पासून देशभर ऐकला जायचा.

पण याच काळातली काळी बाजूही लिहायलाच हवी. डेट्रॉइटजवळचे फादर चार्ल्स कॉग्लिन १९२६ पासून रेडिओवर बोलायचे, लाखो लोक ऐकायचे, आधी लहान मुलांसाठी धर्मशिक्षण, मग मंदीच्या काळात राजकारण, आणि तिसाव्या दशकाच्या शेवटी उघड ज्यूद्वेष. शेवटी १९४० च्या सुमारास त्यांचं प्रसारण थांबलं, पण तोवर व्हायचं ते नुकसान झालं होतं. मोठ्या नेटवर्कनी धर्माच्या कार्यक्रमांना वेळ विकणं बंद केलं त्यात या प्रकरणाचाही हात होता, आणि त्या बंदीच्या विरोधात स्वतंत्र प्रसारकांनी १९४४ ला आपली देशव्यापी संघटना उभी केली. हातात माईक आहे आणि जाब विचारणारं कुणी नाही अशा वेळी धर्माच्या नावानं काय काय होऊ शकतं हे कॉग्लिनमुळे कळतं, आणि आज मोबाईलवर जे प्रवचनकार दिसतात त्यांच्याकडे बघताना मला ते आठवतंच.

मी हॅम रेडिओ करतो, म्हणजे हौसेनं स्वतःचा ट्रान्समीटर चालवतो. आमच्यात क्वाड अँटेना वापरतात, ती म्हणे एका मिशनऱ्यानं शोधली? (वाचक, कोल्हापूर)

हो, खरं आहे, आणि गोष्ट मजेदार आहे.

क्लॅरेन्स जोन्स आणि रूबेन लार्सन यांनी २५ डिसेंबर १९३१ ला, म्हणजे नाताळच्या दिवशी, इक्वेडोरच्या राजधानीत, कीटोमध्ये, एचसीजेबी हे ख्रिस्ती रेडिओ स्टेशन सुरू केलं. ट्रान्समीटर जेमतेम अडीचशे वॅटचा, घरातल्या दोन-तीन मोठ्या बल्बांएवढी ताकद समजा. त्या वेळी अख्ख्या देशात रेडिओ सेट हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, त्यामुळे ऐकणार कोण हा प्रश्न सगळ्यांनीच विचारला, आणि जाणकारांनी तर सांगितलेलं की विषुववृत्ताजवळ, तेही डोंगरात, रेडिओ लावू नका, चालणार नाही. प्रत्यक्षात उलट झालं. ती जागा उत्तरेकडे आणि दक्षिणेकडे सारखीच पोचते असं निघालं आणि पुढे त्याच स्टेशनचा आवाज जगभर जायला लागला.

आता अँटेनाचं. कीटो आहे समुद्रसपाटीपासून सुमारे २८०० मीटरवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दीडपटीहून उंच, तिथली हवा विरळ. ताकद वाढवल्यावर नेहमीच्या बीम अँटेनाच्या (एकाच दिशेला सिग्नल फेकणाऱ्या) टोकांवर रात्री ठिणग्या उडायला लागल्या, अ‍ॅल्युमिनियम वितळून त्याचे गोळे खाली पडायचे. कारण असं की अशा अँटेनाच्या मोकळ्या टोकाशी व्होल्टेज सगळ्यात जास्त असतं आणि विरळ हवेला ते अडवता येत नाही. स्टेशनचे इंजिनियर क्लॅरेन्स मूर यांनी डोकं लावलं, टोकच ठेवायचं नाही! तारेचा बंद चौकोन केला, टोक नाही तर ठिणगी कुठून येणार. ही १९४२ च्या आसपासची गोष्ट, आणि तीच क्यूबिकल क्वाड तुम्ही आज गच्चीवर लावता. मूर पुढे अमेरिकेत परत गेले आणि इंडियाना राज्यात त्यांनी जी कंपनी काढली तिचं नाव पुढे क्राउन झालं, स्टेजवरच्या साउंड सिस्टीममध्ये ज्यांचे अ‍ॅम्प्लिफायर वापरतात तीच.

कीटोजवळच्या पिफो गावातलं त्यांचं मोठं शॉर्टवेव्ह केंद्र २००९ मध्ये उतरवलं गेलं. जवळ नवीन विमानतळ होणार होता आणि उंच मनोरे वाटेत येत होते.

कॅथलिकांचं काय? सगळं प्रोटेस्टंटच सांगता! (वाचक, वसई)

तक्रार मान्य. व्हॅटिकन रेडिओ एचसीजेबीच्याही आधीचा आहे, १२ फेब्रुवारी १९३१ चा, आणि तो उभारून दिला खुद्द मार्कोनीनं. पोप अकरावे पायस लॅटिनमध्ये बोलले. आशियासाठी कॅथलिकांचं रेडिओ व्हेरितास १९६९ मध्ये मनिलाहून सुरू झालं. भारतीय भाषा दोन्हीकडे होत्या, हिंदी, तमिळ वगैरे, त्यामुळे वसईतही लोकांनी हिंदी कार्यक्रम ऐकले असणार.

मराठीत कार्यक्रम परदेशातूनच का यायचे? भारतात का नाही? आणि ज्या स्टेशनवर ते लागायचे ते अचानक का बंद झालं, आमच्या मंडळीत बरेच जण ऐकायचे. (वाचक, अहिल्यानगर; असंच विचारणारी आणखी बरीच पत्रं)

भारतात रेडिओ दीर्घकाळ फक्त सरकारचा होता. फाळणीपूर्वी थोडी मोकळीक होती, लाहोरच्या वायएमसीएनं १९२८ मध्ये स्वतःचं छोटं प्रसारण सुरू केलेलं, अलाहाबादच्या मिशनऱ्यांनी काढलेल्या शेतकी कॉलेजातून १९३५ च्या सुमारास खेड्यांसाठी कार्यक्रम व्हायचे, पण पुढे सगळं ऑल इंडिया रेडिओकडे गेलं. आकाशवाणीवर सकाळच्या भक्तिगीतांत ख्रिस्ती गीत लागायचं, सणाला खास कार्यक्रम असायचा, त्यापुढे नाही. खासगी एफएम आले तेव्हाही नियमात धार्मिक संस्थांना परवाना नाही असंच ठरलं. मग उरला एकच रस्ता, सीमेबाहेरून बोला. म्हणजे स्टुडिओ भारतात, बोलणारे भारतीय, टेप बाहेर पाठवायची आणि ट्रान्समीटर मात्र समुद्रापलीकडे.

तुम्ही म्हणता ते स्टेशन फेबा या ख्रिस्ती प्रसारण संस्थेचं सेशेल्सचं केंद्र असावं. १९७० मध्ये हिंदी महासागरातल्या त्या बेटांवरून ते सुरू झालं, किनाऱ्याजवळ प्रवाळाच्या खडकावर उथळ पाण्यात अँटेना उभ्या केल्या कारण खाऱ्या पाण्यावरून सिग्नल छान उसळतो, आणि तिथून भारताच्या बऱ्याच भाषांत कार्यक्रम यायचे, मराठीतही. शॉर्टवेव्ह चालवणं म्हणजे विजेचं आणि डिझेलचं प्रचंड बिल, आणि ऐकणारे हळूहळू एफएम नि टीव्हीकडे गेलेले, २००३ मध्ये त्यांनी तिथलं प्रसारण थांबवलं. ट्रान्स वर्ल्ड रेडिओ हे आणखी एक ख्रिस्ती प्रसारण १९७८ पासून श्रीलंकेतून ८८२ किलोहर्ट्‌झवर बोलायचं, मीडियम वेव्हवर, रात्री आणि पहाटे ते भारतात बरंच आत पोचायचं.

आता 'बंद झालं' या शब्दाबद्दल, कारण बऱ्याच पत्रांत तोच सूर आहे. स्टेशन जाणं हे या रेडिओला नवीन नाही हो. ट्रान्स वर्ल्ड रेडिओ १९५४ ला मोरोक्कोच्या किनाऱ्यावरच्या टँजियरमधून सुरू झालं, पाच-सहा वर्षांत मोरोक्को सरकारनं सगळे खासगी रेडिओ ताब्यात घ्यायचं ठरवलं, ते उठले आणि १९६० मध्ये मॉन्टे कार्लोला गेले, तेही कुठे तर जर्मनांनी युद्धात नाझी प्रचारासाठी बांधलेल्या इमारतीत. लुथरन मंडळींचं आदिस अबाबातलं 'रेडिओ व्हॉइस ऑफ द गॉस्पेल' १९६३ ला सुरू झालं, कार्यक्रमांत शिक्षण, आरोग्य, बातम्या यांचा वाटा धर्मापेक्षा मोठा ठेवलेला, माझ्या मते सगळ्यात विचारपूर्वक चालवलेलं स्टेशन, आणि मार्च १९७७ मध्ये इथिओपियाच्या लष्करी राजवटीनं ते जप्त केलं. ते परत कधीच मिळालं नाही. लायबेरियातलं ईएलडब्ल्यूए १९५४ चं, यादवी युद्धात १९९० ला उद्ध्वस्त झालं, उभं केलं, १९९६ ला परत उद्ध्वस्त झालं, परत उभं केलं. इबोलाच्या साथीत २०१४ मध्ये ईएलडब्ल्यूए हॉस्पिटलचं नाव पेपरात सारखं यायचं बघा, ते त्याच मिशनच्या आवारातलं, नावही रेडिओवरूनच पडलेलं.

मनिलाचं दुसरं स्टेशन, व्हेरितासच्याही आधीचं, तर सुरूच घाईत झालं. फार ईस्ट ब्रॉडकास्टिंगच्या तीन माणसांनी १९४५ ला संस्था काढली, परवान्यात अट की ४ जून १९४८ पर्यंत प्रसारण सुरू झालं पाहिजे, सामान अर्धवट, पाऊस, तरी त्या संध्याकाळी सहा वाजता आवाज गेला. पुढे त्यांना कळलं की खेड्यात रेडिओच नाहीत, मग १९४९ पासून एकच स्टेशन लागेल असे बनवलेले सेट गावागावात वाटले.

हे सगळं धर्मांतरासाठीच होतं ना? स्पष्ट लिहा. (वाचक, नागपूर)

स्पष्ट लिहितो. हो, येशूची सुवार्ता सांगायची हाच हेतू होता आणि त्यांनी तो कधी लपवला नाही, स्टेशनांच्या नावातच तो आहे. काही ठिकाणी परिणामही फार मोठा झाला. व्हिएतनामच्या उत्तरेच्या डोंगरात राहणाऱ्या ह्मोंग लोकांनी ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मनिलाहून येणारं फार ईस्टचं, त्यांच्याच भाषेतलं प्रसारण ऐकलं आणि गावंच्या गावं ख्रिस्ती झाली, तिथे एकही मिशनरी गेलेला नव्हता. सरकारनं त्यांना बराच त्रासही दिला. पण रेडिओचं एक आहे, तो कुणी जबरदस्तीनं ऐकवू शकत नाही, बटण ऐकणाऱ्याच्या हातात असतं. आणि ज्या देशांत बायबल बाळगणंच धोक्याचं होतं तिथल्या लोकांसाठी हा रेडिओ म्हणजे आधीपासूनच असलेल्या श्रद्धेचा आधार होता. चीन आणि सोव्हिएत युनियनकडे होणाऱ्या प्रसारणात शास्त्रपाठ मुद्दाम सावकाश वाचायचे, शब्द शब्द थांबून, म्हणजे ऐकणाऱ्याला वहीत उतरवून घेता येईल. कल्पना करा, रात्री दार लावून, आवाज बारीक करून कुणीतरी योहानाचं शुभवर्तमान हातानं लिहून घेतंय. चीन १९७९ च्या सुमारास जगाला उघडला तेव्हा इतकी वर्षं गप्प असलेल्या श्रोत्यांची पत्रं धो धो यायला लागली.

आता सगळं यूट्यूबवर आहे. मग रेडिओचं पुनरुज्जीवन म्हणतात ते नेमकं काय? (वाचक, ठाणे)

दोन-तीन वेगळ्या गोष्टी एकत्र चालल्यात. एक, काही ठिकाणी जुन्याच रेडिओत परत पैसा घातला जातोय. कॅरिबियन समुद्रातल्या बोनेर बेटावर ट्रान्स वर्ल्ड रेडिओनं २०१८ मध्ये ८०० किलोहर्ट्‌झचा ट्रान्समीटर १०० किलोवॅटवरून ४४० वर नेला, क्युबा आणि व्हेनेझुएलासारख्या देशांत अजून साध्या रेडिओलाच ऐकणारे आहेत म्हणून. ऑस्ट्रेलियाच्या वायव्य टोकाला कुनुनुरा इथून २००३ पासून एचसीजेबीवाल्यांची शॉर्टवेव्ह आशियाकडे येते, त्यात भारतातल्याही कितीतरी भाषा. पुण्याशी जुनं नातं असलेलं अ‍ॅडव्हेंटिस्ट वर्ल्ड रेडिओ ग्वामहून १९८७ पासून बोलतंय, मराठीतही बोललंय. गंमत बघा, ज्या वर्षी सेशेल्स बंद होतं त्याच वर्षी कुनुनुरा सुरू होतं.

दुसरी गोष्ट म्हणजे सोलरवर चालणारे, एकाच स्टेशनला बांधलेले छोटे रेडिओ. सेलचा खर्च हाच गरीब घरातला मोठा अडथळा असायचा, तो गेला. मेमरी कार्डवर अख्खं बायबल आवाजात भरून देणारे छोटे प्लेअरही त्यातलेच, नेटवर्क नको, वीज नको.

तिसरी, आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती, भाषा. १९८५ मध्ये काही मोठ्या प्रसारकांनी मिळून ठरवलं होतं की २००० सालापर्यंत दहा लाखांवर लोक बोलतात अशा प्रत्येक भाषेत प्रसारण झालंच पाहिजे. सगळं साधलं नाही, पण त्या ठरावामुळे कितीतरी भाषा पहिल्यांदाच रेडिओवर आल्या. यूट्यूबवर मराठी ख्रिस्ती कार्यक्रम खूप आहेत हे खरंय, पण बरेचसे ऐकताना वाटतं की इंग्रजीत लिहून मराठीत वाचलंय, गिटार आणि ड्रम्स तेच, आवाजातला चढउतारही तोच. आपल्याकडे नारायण वामन टिळकांनी शंभर वर्षांपूर्वी अभंगात आणि कीर्तनात ख्रिस्त सांगितला, ते १९१९ ला गेले, रेडिओ त्यांना मिळालाच नाही, पण कानासाठी कसं लिहायचं याचं सगळं शिक्षण त्यांच्याकडे आहे. नवीन पॉडकास्ट काढणाऱ्या तरुणांना माझं कळकळीचं सांगणं आहे की आधी एखाद्या गावातल्या मंडळीत बसून भजन ऐका, टाळ मृदंगावरचं, आणि मग माईक घ्या.

आणि उत्तर द्या. व्ह्यूज मोजू नका, मेसेजला उत्तर द्या. सिलोनच्या काळात पत्र टाकलं की आठवड्या-दोन आठवड्यांनी का होईना कुणीतरी हातानं लिहिलेलं उत्तर यायचं, आणि माणसं रेडिओशी बांधली गेली ती त्यामुळे. ज्या चॅनेलखाली कुणी रडवेली कमेंट टाकते आणि महिनोन्‌महिने कुणी साधं 'प्रार्थना करतो ताई' लिहीत नाही, त्याचे लाख सबस्क्रायबर असले तरी त्याला मी या रेडिओचा वारसदार म्हणणार नाही.

वडिलांच्या पेटीत परदेशी स्टेशनांची रंगीत कार्डं, पत्रं आणि कॅसेट सापडल्या. टाकून द्यायच्या का? (वाचक, नाशिक)

अजिबात टाकू नका! ती क्यूएसएल कार्डं असणार. श्रोता स्टेशनला कळवायचा की अमुक तारखेला, अमुक वेळी, अमुक फ्रिक्वेन्सीवर तुम्हाला ऐकलं, आवाज असा होता, आणि स्टेशन पावती म्हणून छापील कार्ड पाठवायचं. बंद पडलेल्या स्टेशनांची तर ही कार्डंच पुरावा आहेत. दोन्ही बाजू स्कॅन करा, पोस्टाचा शिक्का दिसला पाहिजे, आणि लॅमिनेशन करू नका, कागद कायमचा खराब होतो.

कॅसेटची घाई करा, त्या कार्डांपेक्षा लवकर जातात. आधी बुरशी आहे का बघा, पांढरी पूड दिसली तर तशीच डेकमध्ये घालू नका, जाणकाराकडून साफ करून घ्या. मग एकदाच नीट वाजवून कॉम्प्युटरवर उतरवा, मूळ फाइल कॉम्प्रेस न करता ठेवा. जुन्या मराठी निवेदकांचे आवाज बहुतेक अशाच घरगुती कॅसेटवर उरलेत. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ऐकवून कोण बोलतंय, कुठल्या सालचं, हे विचारून लगेच लिहून ठेवा.

पत्रांत लोकांची आजारपणं, घरातली भांडणं असं खासगी पुष्कळ असतं, त्यामुळे नेटवर टाकण्याआधी संबंधितांना विचारा किंवा नावं झाका. कुणी नसेल सांभाळणारं तर तुमच्या मंडळीच्या ग्रंथालयाला किंवा जवळच्या ख्रिस्ती कॉलेजच्या संग्रहाला विचारून बघा, देताना यादीची एक प्रत स्वतःकडे ठेवा आणि त्यांच्याकडून पोचपावती घ्या.